घोडा एकाच लगामावर रेलतो: दर महिन्याला परत येणाऱ्या तक्रारीचा उगम आणि उपाय

लक्षणं ओळखीची आहेत. डाव्या हातात भरलेली पिशवी धरल्यासारखा भार आणि उजव्या हातात जवळपास काहीच नाही. डावीकडे फिरताना घोडा आतल्या लगामावर रेलतो, वळायला कुरकुरतो आणि वर्तुळ लहान होत जातं. उजवीकडे फिरताना मान लोण्यासारखी वळते, पण बाहेरच्या खांद्यातून तो निसटतो आणि वर्तुळ मोठं होत पसरतं. स्वार म्हणतो, 'डावी बाजू ताठ आहे.' मग तो डाव्या लगामाने मान वळवून वळवून मऊ करतो. आठ-दहा दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच सुरू होतं.

पुन्हा तेच होतं, कारण डाव्या हातात जाणवणारा भार बहुतेक वेळा उजव्या मागच्या पायातून येतो.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे: भार डाव्या लगामावर, उजवा लगाम रिकामा. तुमचा घोडा याच्या उलट असेल तर डावं-उजवं अदलाबदल करून वाचा. वाचता वाचता नको, आधी कागदावर लिहून घ्या; घोड्यावर बसल्यावर ही अदलाबदल भल्याभल्यांची चुकते.

शरीरात नेमकं काय चाललेलं असतं

माणूस जसा उजवखुरा किंवा डावखुरा असतो, तसा घोडाही एका बाजूला किंचित बाक घेऊन चालतो. आपल्या उदाहरणातल्या घोड्याची उजवी बाजू आखूड आहे. त्या बाजूचे स्नायू आखडलेले राहतात आणि लांब व्हायला तयार नसतात. त्याचा उजवा मागचा पाय शरीराच्या खाली न पडता उजव्या पुढच्या पायाच्या रेषेबाहेर, उजवीकडे पडतो. तिथून निघालेली ढकल सरळ पुढे जात नाही, तिरकी होऊन डाव्या खांद्यावर येते. डावा खांदा ओझं घेतो आणि टेकायला जागा शोधतो. ती जागा म्हणजे तुमचा डावा हात.

म्हणजे डावी बाजू 'ताठ' वाटते, पण अडलेली असते उजवी. ती लांबत नाही म्हणून डावीकडे बाक येत नाही. डाव्या लगामाने ओढत राहिलं की घोड्याला टेकायला आणखी भक्कम भिंत मिळते. दोन जण खांद्याला खांदा लावून एकमेकांवर रेललेले असतात ना, तसं. एक जण बाजूला झाला की दुसऱ्याला स्वतःच्या पायावर उभं राहावंच लागतं.

आणखी एक बाब या गोंधळात भर घालते. घोड्याचे खांदे पुठ्ठ्यापेक्षा, म्हणजे मागच्या भागापेक्षा, अरुंद असतात. रिंगणाच्या कडेने जाताना बाहेरचा खांदा आणि बाहेरचा पुठ्ठा दोन्ही कुंपणापासून सारख्याच अंतरावर राहिले, तर घोडा प्रत्यक्षात वाकडाच चाललेला असतो, मागचा भाग आत घेऊन. कुंपणाच्या आधाराने सरळपणा शिकवता येत नाही, तो याचसाठी.

आधी दुखणं आणि सामान तपासा

ही पायरी गाळून व्यायाम सुरू केले तर महिने वाया जातात, आणि घोड्याला त्रास होतो तो वेगळाच.

तोंड: वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा झिजून धारदार होतात आणि गालाला, जिभेला लागतात. एकाच बाजूला जखम असेल तर घोडा बिटचा (तोंडातल्या, लगाम जोडलेल्या दांडीचा) भार दुसऱ्या बाजूला घेतो. दाढांपुढचा बारीक 'वुल्फ टूथ' बिटला लागत असेल तरी तेच होतं. दातांची तपासणी वर्षातून एकदा तरी हवीच. दात बदलायच्या वयात, म्हणजे साधारण पाच वर्षांपर्यंत, दर सहा महिन्यांनी.

बिट आणि नोझबँड (नाकावरचा पट्टा): सैल कड्यांचा बिट तोंडात सरळ धरला की ओठाच्या दोन्ही बाजूंना साधारण अर्धा सेंटिमीटर जागा दिसावी. जास्त लांब बिट एका बाजूला सरकतो आणि त्याचा सांधा मध्यावर राहत नाही. ब्रायडलच्या (डोक्यावरच्या पट्ट्यांच्या साजाच्या) दोन्ही गालपट्ट्या एकाच भोकात आहेत म्हणून समान आहेत असं धरू नका. जुनी पट्टी ताणलेली असते. समोर उभं राहून बिटच्या दोन्ही कड्यांची उंची बघा. नोझबँडखाली नाकाच्या हाडावर दोन बोटं आडवी, सहज गेली पाहिजेत. आवळून बांधलेला नोझबँड तक्रार मिटवत नाही, फक्त लपवतो.

खोगीर: तंग (पोटाखालचा पट्टा) आवळण्याआधी मागून बघा, मधली खाच कण्याच्या रेषेवर आहे का. वीस मिनिटं स्वारी झाल्यावर पुन्हा बघा. दर वेळी एकाच बाजूला सरकत असेल तर लगेच खोगिराला दोष देऊ नका. स्वाराची बैठक कलती असू शकते, घोड्याच्या पाठीचे स्नायू असमान असू शकतात आणि मागच्या पायाचा सूक्ष्म लंगडेपणाही असू शकतो. दुसऱ्या स्वाराबरोबरही ते त्याच बाजूला सरकत असेल तर पशुवैद्याला बोलवा.

रिकिबीचे पट्टे: जमिनीवरून चढायची सवय असेल तर डावा पट्टा ताणून लांब होतो. दोन्ही पट्टे काढा, एकाच खिळ्याला टांगा, फरक डोळ्यांना दिसेल. दर आठवड्याला डावा-उजवा बदला आणि चढताना ओटा वापरा.

पाय: कडक, सपाट जमिनीवर सरळ रेषेत ट्रॉट (दुडकी चाल) करवून बघा. पुढच्या पायाने लंगडणारा घोडा दुखरा पाय टेकताना डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली आणतो. स्वार बसल्यावरच असमान पावलं दिसत असतील तर लगाम पूर्ण लांब सोडून बघा. लगेच चाल समान झाली तर दोष बहुधा हाताचा असतो. तरीही खात्री वाटत नसेल तर पशुवैद्याकडे जा, कारण काही लंगडेपणा वजन पाठीवर आल्यावरच उघडा पडतो. खूर कापायची किंवा नाल बदलायची वेळ टळली आहे का, तेही याच वेळी बघून घ्या.

वाकडा कोण, घोडा की स्वार?

सर्वात स्वस्त चाचणी: वाळू दंताळ्याने सपाट करून घ्या आणि रिंगणाच्या कडेच्या अक्षरांपैकी 'ए' पासून 'सी' पर्यंत, म्हणजे एका लहान बाजूच्या मध्यापासून समोरच्या लहान बाजूच्या मध्यापर्यंत, मध्यरेषेवरून आधी वॉक, मग ट्रॉट करा. खाली उतरून ठसे बघा. सरळ घोड्याचे मागचे ठसे पुढच्यांच्या रेषेत असतात. आपल्या घोड्याचा उजवा मागचा ठसा उजवीकडे सुटलेला दिसेल. किती सुटला आहे ते मोजून, तारीख घालून लिहून ठेवा. पुढे उपयोगी पडतं.

दुसरी चाचणी: लंजवर (लांब दोरावर घोडा स्वाराविना फिरवत), साइड रेनशिवाय (बिटपासून बाजूला बांधलेल्या पट्ट्यांशिवाय), दोन्ही दिशांना १८-२० मीटरचं वर्तुळ. डावीकडे तो आत कोसळतो आणि डोकं बाहेर ठेवतो, उजवीकडे दोर ओढतो, असं दिसलं तर वाकडेपणा त्याचा स्वतःचा आहे. लंजवर दोन्ही बाजू बऱ्यापैकी सारख्या आणि तुम्ही बसलात की फरक, तर आरशात बघा. दुसऱ्या घोड्यावर बसूनही तोच डावा हात जड वाटत असेल तर आरशात नक्कीच बघा.

स्वाराचे नेहमीचे दोष तीन. एक, कमरेत मोडणं: एका बाजूच्या बरगड्या आखडतात, त्या बाजूचा खांदा खाली येतो आणि बैठकीचं हाड उलट बाजूला सरकतं. मागून काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ पुरेसा आहे; सदऱ्याची मागची शिवण खोगिराच्या मध्यावर आहे का एवढंच बघायचं. दोन, हात: बळकट हात नकळत मागे आणि खाली राहतो. दोन्ही लगामांवर बिटपासून सारख्या अंतरावर रंगीत चिकटपट्टी लावा आणि हात कुठे सरकले ते दर पाच मिनिटांनी बघा. किंवा चाबूक दोन्ही अंगठ्यांखाली आडवा धरा. तो समांतर राहिला नाही की कोणता हात पळतोय ते कळतं. तीन, रायझिंग ट्रॉट (खोगिरातून उठत-बसत केलेला ट्रॉट): बाहेरचा पुढचा खांदा पुढे जाताना उठायचं आणि मागे येताना बसायचं, हे रिंगणात सगळे पाळतात. बाहेर मोकळ्यावर गेल्यावर मात्र मैलभर एकाच कर्णावर, म्हणजे तिरप्या पायांच्या एकाच जोडीवर, बसून राहतात. घोडा तुम्हाला त्याच्या आवडीच्या कर्णावर अलगद ढकलून देतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. दर दोनशे पावलांनी बदला.

दोन्ही दिशांना एकच सूत्र

डाव्या पायापासून उजव्या लगामाकडे. दिशा कोणतीही असो, या घोड्यासाठी काम हेच. डाव्या पायाने डावा खांदा आणि बरगड्या उजवीकडे न्यायच्या, उजव्या पायाने उजवा मागचा पाय बाहेर सुटू द्यायचा नाही, आणि उजवा हात घोडा स्वतःहून तो लगाम घेईपर्यंत शांत थांबवायचा. रिकामा वाटतो म्हणून उजवा लगाम मागे ओढून 'भरायचा' नाही. लोंबतही ठेवायचा नाही. कोपर लवचीक, लगाम सरळ रेषेत, बस्स.

डावीकडे फिरताना (लांब बाजू आत). १५ मीटरच्या वर्तुळावर वॉकने सुरुवात करा. पोटाचा झोका बघा: पोट तुमच्या डाव्या पायापासून दूर जातं तेव्हा डावा मागचा पाय उचललेला असतो. दाब त्याच क्षणी, तंगाजवळ. सतत दाबून धरलेल्या पायाला घोडा भिंत समजतो. रायझिंग ट्रॉटमध्ये हाच इशारा बसता बसता, उठण्याच्या अगदी आधी. या दाबाने वर्तुळ १५ वरून २० मीटरपर्यंत वाढवा, साधारण दीड फेरीत. डावा हात एका पावलापुरता मागतो आणि पुढच्या पावलाला सोडतो. तो सोडणंच खरा इशारा आहे. मागणं सगळ्यांना येतं. उजवा पाय तंगाच्या एक तळवा मागे राहतो, नाहीतर खांद्याऐवजी पुठ्ठाच बाहेर जाईल आणि तुम्हाला वाटेल व्यायाम झाला.

इथली सर्वात मोठी चूक म्हणजे डावा हात मानेवरून उजवीकडे ओलांडणं. त्याने मान वळते, खांदा जागचा हलत नाही.

याच दिशेला लेग यील्डही (पायाच्या इशाऱ्याने घोडा तिरका पुढे नेणं) करा. लहान बाजूवरून पाव रेषेवर वळा, म्हणजे लांब बाजूच्या कडेपासून ५ मीटर आत. आधी चार-पाच पावलं पूर्ण सरळ. मग डाव्या पायाने तिरकं कडेकडे. माथ्यातून, म्हणजे कानांच्या मागून, किंचित डावीकडे वळण, मान सरळ. घोडा धावत कडेकडे निघाला तर तो इशारा मानत नाही, कुंपणाकडे पळतोय. दोन पावलं तिरकी, दोन सरळ, असं करत न्या.

उजवीकडे फिरताना (आखूड बाजू आत). ही 'सोपी' दिशा, आणि खरं नुकसान इथे होतं. मान वळते म्हणून स्वार खूश असतो, पण डावा खांदा दरवाजा उघडा असल्यासारखा बाहेर जातो. इथे उजव्या डोळ्याची कड दिसेल एवढंच वळण ठेवा. मानेचं मूळ खांद्यांच्या बरोबर मध्यभागी. डावा लगाम मानेला लागून, स्थिर, मागे न ओढता. डावा पाय तंगाजवळ, खांद्याचा रखवालदार म्हणून.

यासाठी चौकोन सर्वात चांगला. २० मीटरच्या वर्तुळाच्या जागेत साधारण १५ मीटर बाजूचा चौकोन चार शंकूंनी आखा. बाजू पूर्ण सरळ. कोपऱ्यात डावा पाय आणि डाव्या लगामाने खांदे उजवीकडे आणा, तीन-चार पावलांत ९० अंश. वॉकमध्ये दोन फेऱ्या, मग ट्रॉटमध्ये कोपरे थोडे गोल करून. आतल्या लगामाशिवाय वळता येईना तर ट्रॉटची घाई करू नका. चौकोन जमला की परत वर्तुळ करा. वर्तुळ गोल झालेलं दिसेल.

मग उजवीकडेच फिरताना वर्तुळावर चार-पाच पावलं उलट वळण घ्या, म्हणजे माथा किंचित डावीकडे. आखूड उजवी बाजू लांबते, डावा खांदा तुमच्या पायासमोर येतो आणि उजव्या हातात काहीतरी आल्याचं पहिल्यांदा जाणवतं. जाणवलं की लगेच सरळ करून पुढे. दहा-बारा पावलं ताणलंत तर घोडा मान पिळतो.

वर्तुळाचा आकार नजरेने ठरवू नका. २० × ४० मीटरच्या रिंगणात 'ए' वरचं २० मीटरचं वर्तुळ 'एक्स' ला (रिंगणाच्या मध्यबिंदूला) लागतं आणि लांब बाजूंना कोपऱ्यापासून १० मीटरवर, म्हणजे लांब बाजूंवरच्या 'के' आणि 'एफ' अक्षरांच्या ४ मीटर पुढे. २० × ६० मध्ये तेच वर्तुळ मध्यरेषा तिच्यावरच्या 'एल' बिंदूच्या २ मीटर पुढे ओलांडतं. या बिंदूंवर शंकू ठेवा. घोडा कुठे निसटतो आणि कुठे कोसळतो हे शंकू न बोलता सांगतात.

दोन्ही दिशांना एवढं आलं की कडेने शोल्डर-फोर: खांदे जेमतेम आत, आतला मागचा पाय पुढच्या दोन ठशांच्या मध्ये पडेल इतकेच. शोल्डर-इन मध्ये हा कोन सुमारे ३० अंश आणि पायांच्या ठशांच्या रेषा तीन होतात. ते पुढचं काम. आपल्या घोड्यासाठी उजवीकडचा शोल्डर-फोर सोन्यासारखा आहे, कारण उजवा मागचा पाय अखेर भाराखाली येतो.

कँटर

कँटर म्हणजे ट्रॉटच्या पुढची वेगवान चाल; उजवा पुढचा पाय पुढे पडतो तो उजवा कँटर, डावा पडतो तो डावा. उजव्या कँटरमध्ये पुठ्ठा आत येतो, डावा कँटर मिळायला जड जातो किंवा पाय उलट लागतात. पुठ्ठा पायाने बाहेर ढकलायचा मोह आवरा. तो दोन पावलांनी परत येतो आणि घोडा पायावर चिडायला लागतो. खांदे पुठ्ठ्यासमोर आणा, शोल्डर-फोरमध्ये जसे आणले तसे. डाव्या कँटरसाठी डावीकडचं वर्तुळ १५ वरून २० पर्यंत वाढवत न्या आणि बाहेर पोहोचता पोहोचता, डावा लगाम हलका झालेल्या पावलावर, इशारा द्या. लगाम जड असतानाच ढकललंत तर मिळेल तो उजवा कँटर किंवा धावता ट्रॉट.

किती, कधी, कोणत्या क्रमाने

पंचेचाळीस मिनिटांत खरं काम वीस-पंचवीस मिनिटांचंच. पहिली दहा मिनिटं लांब लगामावर वॉक. सोप्या दिशेने सुरुवात, मग अवघड, मग पुन्हा सोपी. दर दोन-तीन मिनिटांनी दिशा बदल आणि दर आठ-दहा मिनिटांनी लगाम सोडून विश्रांती. अवघड बाजूला दुप्पट काम करायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो टाळा. थकलेला स्नायू आखडतो, आणि आखडलेल्या बाजूवरच तर आपलं काम चाललंय. फेऱ्या जास्त हव्या असतील तर लहान तुकड्यांत, मध्ये सरळ रेषा घालून.

तीन फेऱ्यांची नागमोडी दिशा बदलण्यासाठी छान, पण २० × ४० मध्ये प्रत्येक फेरा १३ मीटरच्या आसपास येतो. पहिल्या काही आठवड्यांत तो या घोड्याला आवळ पडतो. दोनच फेरे घ्या.

काम चुकतंय हे कसं कळतं

डोकं तिरपं, एक कान खाली: घोडा एका लगामाकडे पाऊल टाकत नाही, पण तुम्ही दुसऱ्याने धरून ठेवलंय. आतला लगाम द्या, घोडा पुढे काढा, वळण कमी करा.

दोन्ही हात अचानक हलके, मान आखूड, नाक छातीकडे: भार गेला नाही, घोडा बिटच्या मागे लपला. हात पुढे, पायाने घोडा पुढे, लांब मानेने दोन फेऱ्या.

ताल बिघडला, पावलं घाईची झाली: कोन किंवा वळण जास्त झालंय. सरळपणापेक्षा ताल आधी. प्रशिक्षणाच्या क्रमात तो पहिला आणि सरळपणा पाचवा आहे.

दात खाणं, शेपटी सतत आपटणं, एखाद्या दिवशी एकदम नकार: व्यायाम बदलू नका, वरच्या तपासणीकडे परत जा. ड्रॉ रेन (बिटच्या कड्यांतून ओवलेले जादा लगाम) लावून डोकं खाली बांधण्याचा रस्ता तर इथे सर्वात वाईट, कारण वाकडा मागचा पाय तसाच राहतो आणि तो सांगणारा एकमेव पुरावा, हातातला भार, गायब होतो.

सहा आठवड्यांनी वाळू पुन्हा दंताळ्याने सपाट करा, मध्यरेषेवरून जा आणि पहिल्या मोजमापाशी ताडून बघा. त्याच दिवशी डावीकडच्या २० मीटरच्या वर्तुळावर ट्रॉटमध्ये डावा हात मानेवर पुढे नेऊन लगाम तीन पावलं पूर्ण सोडा. वर्तुळ तेवढंच राहिलं आणि ताल बदलला नाही तर शोल्डर-इनकडे वळायला हरकत नाही. घोडा आत कोसळला तर अजून पाव रेषेवरचा लेग यील्ड आणि चौकोन. ठसे सुधारले पण हातातला भार तसाच असेल, तर चिकटपट्टी लावलेले लगाम पुन्हा वापरायला काढा.